कनेक्शनच्या वेगाला पुरेल असा मोडेम कसा निवडायचा

प्लॅन ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला ३०० मेगाबिट) असतो आणि स्पीड टेस्ट काही केल्या ९४च्या पुढे सरकत नाही. तक्रार केली तर सेवा कंपनी सांगते, लाइनमध्ये पूर्ण वेग येतोय. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. ९३ ते ९५च्या आसपास अडकलेला आकडा ही १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टची, म्हणजे मोडेममागच्या नेटची वायर बसवायच्या खाचेची, ओळखखूण आहे. पोर्ट १००चा, त्यातले पाचेक टक्के डेटाच्या प्रत्येक पॅकेटबरोबर जाणाऱ्या पत्त्यांत आणि नियंत्रणाच्या माहितीत खर्च होतात आणि उरतात ते ९४-९५. मागून ३०० येवोत की ९००, त्या पोर्टातून बाहेर एवढंच पडणार.

लाइन, मोडेमची चिप, त्याचा लॅन पोर्ट, वायर, वाय-फाय आणि शेवटी तुमचा फोन किंवा लॅपटॉप, या साखळीत जो सगळ्यात कमी, तोच तुमचा वेग. खोक्यावर ठळक छापलेला आकडा यांतल्या एकाच कडीचा असतो, तोही आदर्श परिस्थितीतला. म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा: आधी लाइनचा प्रकार, मग कंपनीची मान्यता, मग पोर्ट, आणि वाय-फाय सगळ्यात शेवटी. जाहिराती हाच क्रम नेमका उलटा लावतात.

आधी खात्री करा की दोष मोडेमचाच आहे

लॅपटॉप लॅन वायरने थेट मोडेमला जोडा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, घरातले टीव्ही, फोन, कॅमेरे नेटवरून उतरवा. मग नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. तिथे १००० दिसलं तर पोर्ट आणि वायर गिगाबिटने, म्हणजे १००० एमबीपीएसने, बोलत आहेत. १०० दिसलं तर स्पीड टेस्ट करण्यात अर्थच नाही, कारण अडथळा तिथेच सापडला.

पण १०० दिसल्याबरोबर मोडेमला दोष देऊ नका, आधी वायर बदला. लॅन वायरमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. बाकीच्या दोन जोड्यांतली एक तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तरी नेट बहुधा चालू राहतं, फक्त गुपचूप १००वर उतरतं. कॅट ५ई किंवा कॅट ६ची चांगली वायर लावून पुन्हा बघा. लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट किंवा यूएसबीचा लॅन अडॅप्टर १००चा असेल, तरी हाच आकडा दिसतो.

लिंक १००० असेल तर सकाळी, दुपारी आणि रात्री गर्दीच्या वेळी टेस्ट घ्या. सकाळी पूर्ण वेग आणि रात्री निम्मा, असं असेल तर परिसरातल्या लाइनवर ताण आहे. बहुतेक वेळा नवा मोडेम घेऊन त्यात फरक पडत नाही, फक्त केबलच्या लाइनवर कधीकधी पडतो, त्याबद्दल पुढे. वायरवर पूर्ण वेग आणि आतल्या खोलीत रडारड, तर प्रश्न वाय-फायचा आहे. मोडेम तसाच ठेवून फक्त राउटर (आलेलं नेट घरातल्या उपकरणांना वाटणारा डबा) किंवा मेश (एकमेकांशी जोडलेले अनेक वाय-फाय डबे) घेतलं तरी भागतं.

आणखी एक गल्लत इथेच मिटवून टाका. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, डाउनलोडच्या खिडकीत तो मेगाबाइटमध्ये दिसतो. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे २०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर फाइल सेकंदाला २५ मेगाबाइटने उतरत असेल, तर सगळं जिथल्या तिथे आहे.

घरात कोणती तार येते ते बघा

ज्याला आपण सरसकट मोडेम म्हणतो ती तीन वेगवेगळी यंत्रं आहेत आणि एकाचं काम दुसरं करू शकत नाही. मधोमध तांब्याची एक जाड तार आणि आटे फिरवून बसणारा गोल कनेक्टर असेल तर ती कोअॅक्सियल केबल, तिला डॉक्सिस (केबलवरून नेट पाठवण्याचं मानक) जातीचा केबल मोडेम लागतो. टेलिफोनची बारीक, चौकोनी पिन असेल तर डीएसएल मोडेम. आणि केसासारखी काचेची तार असलेली, टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असलेली वायर असेल तर फायबर. फायबरच्या डब्याचं खरं नाव ओएनटी किंवा ओएनयू.

कधीकधी घरात थेट लॅन वायरच आणून दिलेली असते. तेव्हा मोडेम इमारतीत कुठेतरी आधीच बसलेला आहे. तुम्हाला फक्त राउटर घ्यायचाय, आणि पुढचे तीन भाग सरळ सोडून दिलेत तरी चालेल.

केबल मोडेम: चॅनेल मोजा

मोडेमची निवड सगळ्यात जास्त चुकते ती इथे, म्हणून जरा सविस्तर. डॉक्सिस ३.० मोडेम केबलवरचे अनेक चॅनेल, म्हणजे सिग्नलचे छोटे पट्टे, एकत्र बांधून वेग गाठतो. खोक्यावर ८×४, १६×४, २४×८, ३२×८ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा येणाऱ्या चॅनेलचा, दुसरा जाणाऱ्या. ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून प्रत्यक्षात सुमारे ३८ एमबीपीएस मिळतात. ज्या देशांत चॅनेल ८ मेगाहर्ट्झचं असतं, तिथे सुमारे ५०.

म्हणजे ६ मेगाहर्ट्झच्या लाइनवर ८ चॅनेलचा मोडेम कागदावर ३०० देतो, १६चा ६०० आणि ३२चा १२००. मग ३०० एमबीपीएसच्या प्लॅनला ८ चॅनेलचा मोडेम का पुरत नाही? कारण ही चॅनेल तुमच्या एकट्याची नसतात. त्याच केबलवरची शेजारपाजारची घरं तीच चॅनेल वापरतात. मोडेमला आठच चॅनेल पकडता येत असतील आणि नेमकी तीच गर्दीने भरलेली असतील, तर त्याला दुसरीकडे सरकायला जागा नसते. जास्त चॅनेलचा मोडेम तोच भार पसरून घेतो. संध्याकाळची घसरण नव्या मोडेमने कमी होते ती फक्त याच बाबतीत.

म्हणून कागदावरच्या कमाल वेगाच्या साधारण निम्म्यापर्यंतच मोडेमवर विसंबावं. ८ चॅनेलचा मोडेम १५०पर्यंत, १६चा ३००पर्यंत, २४चा ४५०पर्यंत आणि ३२चा ६००पर्यंत. त्यावरच्या प्लॅनला डॉक्सिस ३.१ घ्यावा. खरं तर आज नवीन घ्यायचाच असेल तर ३००च्या प्लॅनलाही ३.१च बरा. ३.०ची वैशिष्ट्यं २००६ची आहेत, ३.१ची २०१३ची. अनेक केबल कंपन्यांच्या मान्यतेच्या यादीतून ३.०चे मोडेम हळूहळू गळत चालले आहेत. ३.१मध्ये छोट्या चॅनेलऐवजी १९२ मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टे वापरता येतात, शिवाय जुनी ३२ चॅनेलही पकडता येतात, त्यामुळे जुन्या लाइनवरही तो चालतो. डॉक्सिस ४.० मात्र कंपनीने तुमच्या भागात सुरू केल्याशिवाय घेऊन ठेवण्यात मतलब नाही.

अपलोडकडेही लक्ष द्या. जाणारं एक चॅनेल साधारण २७ एमबीपीएस देतं, चार मिळून शंभराच्या आसपास. घरून व्हिडिओ मीटिंग करणाऱ्यांना आणि मोठ्या फाइल चढवणाऱ्यांना खरी चणचण इथेच भासते.

जुना किंवा स्वस्तातला मोडेम घेताना आतली चिप कोणती ते शोधून काढा. इंटेलच्या प्यूमा ६ चिपवर बांधलेल्या मोडेममध्ये एक दोष निघाला होता: स्पीड टेस्ट झकास, पण प्रतिसादाचा वेळ मधूनच उसळी मारायचा, गेम आणि कॉल अडखळायचे. अशी यंत्रं वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात अजून फिरतात.

टेलिफोनची लाइन: अंतर सांगेल तेच खरं

डीएसएलमध्ये मोडेमपेक्षा तांब्याच्या तारेची लांबी मोठी. एडीएसएल२+ची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस, तीही एक्स्चेंजच्या अगदी जवळ. काही किलोमीटर दूर गेलं की निम्म्याहून कमी उरतात. व्हीडीएसएल२ काहीशे मीटरच्या आत १०० एमबीपीएसपर्यंत जातो, आणि त्याचं ३५बी प्रोफाइल (लाइनवर वापरायच्या लहरींचा ठरलेला पट्टा) वापरलं असेल तर ३००पर्यंत. हे प्रोफाइल कंपनीला विचारून घ्यावं. लाइन ३५बीची आणि मोडेमला १७एपर्यंतचंच येत असेल, तर वरचा वेग कधीच दिसणार नाही. दुसरा प्रश्न व्हेक्टरिंगचा. शेजारच्या जोड्यांचा एकमेकींत होणारा गोंधळ पुसून टाकणारी ही पद्धत लाइनवर सुरू असेल आणि तुमच्या मोडेमला ती येत नसेल, तर एक्स्चेंज त्याला कमी वेगावर बसवू शकतं.

त्याच लाइनवर फोनही असेल तर प्रत्येक फोनला फिल्टर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी छोटी डबी) लावलेला हवा. बेल वाजली की नेट तुटतं, ही तक्रार बहुतेक वेळा फिल्टरचीच असते.

फायबर: ओएनटी सहसा कंपनीचाच ठेवा

जीपॉन पद्धतीत एका फायबरवर २.५ जीबीपीएस (एक जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस) येतात आणि सुमारे १.२५ जातात, आणि ते अनेक घरांत, बहुधा ३२ किंवा ६४ घरांत, वाटले जातात. एक्सजीएस-पॉनमध्ये दोन्हीकडे १० जीबीपीएस. ईपॉन ही तिसरी जात, दोन्हीकडे सव्वा जीबीपीएसची. जीपॉनचा डबा ईपॉनच्या लाइनवर चालत नाही. एक्सपॉन असं लिहिलेला डबा सहसा दोन्ही सांभाळतो.

पण जात जुळली म्हणून काम झालं असं नाही. ओएनटी कंपनीच्या यंत्रात अनुक्रमांकाने नोंदवावा लागतो, काही ठिकाणी सोबत पासवर्डही लागतो. शिवाय एका ब्रँडच्या मुख्य यंत्रावर दुसऱ्या ब्रँडचा ओएनटी अर्धवटच चालतो: दिवे हिरवे, पण नेट नाही, किंवा नेट आहे पण फोन नाही. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. कंपनीचा ओएनटी तसाच राहू द्या, तो ब्रिज मोडवर (राउटरचं काम बंद ठेवून नेट फक्त पुढे पाठवण्याच्या सेटिंगवर) टाकून घ्या आणि पैसे चांगल्या राउटरवर खर्च करा.

फक्त कंपनीने दिलेल्या ओएनटीचे पोर्ट तपासा. चार पोर्टांपैकी एकच गिगाबिटचा आणि बाकीचे तीन १००चे, असे डबे सर्रास दिले जातात. गिगाबिटच्या पोर्टवर बहुधा जीई लिहिलेलं असतं किंवा त्याचा रंग वेगळा असतो. राउटरची वायर चुकून बाजूच्या पोर्टात गेली, की ३००चा प्लॅन ९४वर येतो. सगळेच पोर्ट १००चे असतील तर डबा बदलून मागा. १००वरच्या प्लॅनवर ती मागणी रास्त आहे.

मान्यतेची यादी

केबल आणि फायबरवर परका मोडेम आपोआप चालू होत नाही. केबल मोडेम मॅक पत्त्यावरून (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा वेगळा क्रमांक) ओळखला जातो, ओएनटी अनुक्रमांकावरून. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या मान्यताप्राप्त यादीत नेमकं मॉडेल आणि त्याची हार्डवेअर आवृत्ती शोधा, नुसतं ब्रँडचं नाव पुरत नाही. यादीत मॉडेलसमोर कोणत्या वेगापर्यंत मान्यता आहे तेही दिलेलं असतं. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा तो आकडा धरून चाला. फोनवर विचारायचं असेल तर चार प्रश्न पुरतात: माझा मोडेम चालेल का, ब्रिज मोड मिळेल का, लॉगिन पीपीपीओईने (नाव-पासवर्ड देऊन नेट सुरू करण्याची पद्धत) आहे का आणि व्हीलॅन क्रमांक (एकाच लाइनवरची वाहतूक वेगळी ठेवणारा) लागतो का, माझी टेलिफोन सेवा याच डब्यातून चालते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर नव्या डब्याला फोनचा पोर्ट असला पाहिजे, आणि तो असूनही काही कंपन्या फोन फक्त स्वतःच्याच यंत्रावर चालवतात.

केबल मोडेमचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, तुम्हाला बदलता येत नाही, ते कंपनी लाइनवरून पाठवते. मॉडेल यादीत नसेल तर ते अपडेटही येत नाहीत.

पोर्ट आणि प्रोसेसर

प्लॅन १००च्या आत असेल तर कोणताही पोर्ट चालेल. १०० ते ९००साठी गिगाबिट हवा, आणि तो प्रत्यक्षात ९४०च्या आसपास थांबतो. १ जीबीपीएसच्या वरच्या प्लॅनला २.५ गिगाबिटचा पोर्ट लागतो, आणि तो मोडेमला, राउटरच्या वॅन बाजूला (मोडेमकडून वायर येते ती), लॅन बाजूला आणि संगणकाला, सगळीकडे हवा. एका जागी १ गिगाबिट राहिला की वरचे पैसे वाया. यासाठी वायर मात्र बदलावी लागतेच असं नाही, घरातल्या अंतराला कॅट ५ई २.५ गिगाबिट पेलते.

खोक्यावर ‘१२००’ असं वाय-फाय मिरवणारे, पण पाठीमागे १००चेच पोर्ट असलेले राउटर अजून विकले जातात. पाठीमागच्या पोर्टांची माहिती ठळक दिलेली नसेल तर संशय घ्यावा. ‘फास्ट इथरनेट’ हे नाव ऐकायला वेगवान, अर्थ मात्र १०० एमबीपीएस.

पीपीपीओईने लॉगिन होत असेल तर राउटरच्या प्रोसेसरवर जादा काम पडतं. गिगाबिट पोर्ट असूनही कमकुवत प्रोसेसरचा राउटर तिथे दमतो. हार्डवेअर नॅट (घरातली सगळी उपकरणं एकाच नेट पत्त्यावर चालवण्याचं काम वेगळ्या चिपवर करणारी सोय) किंवा हार्डवेअर अॅक्सिलरेशन असलेला घ्या, आणि ते चालू ठेवा. क्यूओएस (कोणत्या कामाला आधी वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) किंवा पालकांसाठीचं नियंत्रण सुरू केलं की अनेक राउटरवर हे अॅक्सिलरेशन बंद पडतं आणि वेग एकदम कोसळतो, याची कल्पना असू द्या.

वाय-फायचे आकडे कसे वाचायचे

‘एएक्स३०००’मधला ३००० हा दोन पट्ट्यांची बेरीज आहे: २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर २४०२. तुमचा फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो. २४०२ गाठायला फोनलाही १६० मेगाहर्ट्झचं चॅनेल पेलावं लागतं. ते नसेल तर लिंक १२०१ची, आणि हातात त्याच्या निम्मे ते साठ टक्के. दोन अँटेनाच्या वाय-फाय ५ची लिंक ८६७ची, म्हणजे त्याच खोलीत ४००-५००. भिंत आडवी आली की त्याहून कमी.

यावरून हिशोब सोपा होतो. २००पर्यंतच्या प्लॅनला साधं दोन पट्ट्यांचं वाय-फाय ५ पुरतं. ३०० ते १०००ला वाय-फाय ६. वाय-फाय ६ई आणि वाय-फाय ७ हे ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरू शकतात. पण तो पट्टा तुमच्या देशात खुला आहे का आणि घरातल्या उपकरणांना तो येतो का, हे आधी बघा. फक्त २.४ गिगाहर्ट्झचा राउटर आज कोणत्याही वेगाला घेऊ नये.

जोडणी आणि पहिली तपासणी

जुना मोडेम काढण्याआधी त्याच्या सेटिंगच्या पानांचे फोटो घ्या: पीपीपीओईचं नाव, व्हीलॅन क्रमांक, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड. नव्याला तेच वाय-फाय नाव आणि पासवर्ड दिला तर घरातली बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात. नव्या डब्याचा मॅक पत्ता किंवा अनुक्रमांक कंपनीला कळवा, तार जोडा, मग वीज द्या. केबल मोडेमला पहिल्यांदा लाइन शोधायला आणि फर्मवेअर उतरवायला अर्धा तासही लागू शकतो, तेवढ्यात बंद-चालू करू नका. अॅडॅप्टर नेहमी सोबत आलेलाच वापरा. दुसरा घ्यावाच लागला तर व्होल्टेज आणि पिनची दिशा तीच हवी, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

कंपनीचा डबा आणि तुमचा राउटर दोन्ही राउटर म्हणूनच चालू राहिले तर डबल नॅट होतो, म्हणजे नॅटचं काम दोनदा होतं. वेग ठीक दिसतो, पण गेममध्ये खोली उघडत नाही, घराबाहेरून कॅमेरा दिसत नाही. पहिला डबा ब्रिजवर टाका. ते शक्य नसेल तर तुमचा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यापुरता, लावा.

आता सिग्नल बघा. केबल मोडेमचं पान बहुधा १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर उघडतं. येणारी पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये (सिग्नलच्या ताकदीचं एकक), एसएनआर (सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण) ३३ डीबीच्या वर आणि जाणारी पॉवर ३५ ते ५०मध्ये असावी. जाणारी पॉवर ५०च्या पार गेली असेल तर मोडेम ओरडून बोलतोय, म्हणजे वाटेत कुठेतरी सिग्नल गळतोय. दोन वाटांचा एक स्प्लिटर साडेतीन डीबी खातो, त्यामुळे नको असलेले स्प्लिटर काढा आणि कनेक्टर हाताने घट्ट करा. डीएसएलवर नॉइज मार्जिन (सिग्नल गोंगाटाच्या किती वर टिकून आहे त्याचं माप) ६ डीबीच्या खाली असेल तर लाइन तुटण्याची शक्यता वाढते. फायबरवर येणारा प्रकाश उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान हवा, उणे १५ ते उणे २५ म्हणजे निर्धास्त. लाल एलओएस दिवा (सिग्नल हरवल्याची खूण) लागला तर आधी वायर कुठे मुडपली आहे का ते बघा. हिरवा कनेक्टर निळ्यात कधीही घालू नका. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, आणि दोन्ही भिडले की प्रकाश वाया जातो. उघड्या फायबरच्या टोकात डोकावायचं नाही, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो.

वापरलेला मोडेम घेत असाल तर तो आधीच्या मालकाच्या खात्यातून काढलेला आहे याची खात्री विकणाऱ्याकडून आधीच करून घ्या, नाहीतर कंपनी तो नोंदवून घेणार नाही. भाड्याचा असेल तर तो कंपनीच्या मालकीचा, विकायला निघालेलाच नसावा. आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी आठवडाभर तो रात्रंदिवस चालू ठेवून बघा, मोकळ्या जागी, इतर डब्यांच्या डोक्यावर न ठेवता. पहिल्या दिवशीचे सिग्नलचे आकडे लिहून ठेवा. सहा महिन्यांनी नेट तुटायला लागलं, तर बिघाड लाइनमध्ये आहे की डब्यात, हे त्या आकड्यांशी ताडून दोन मिनिटांत कळतं.